रंग उडालेली गिटार आणि रोरी गॅलाहर

लंडनमधील बोनहॅम्स या लिलावगृहात १७ ऑक्टोबर २०२४ रोजी एक जुनी इलेक्ट्रिक गिटार विक्रीस आली. तिच्या अंगावरील रंग बहुतेक उडून गेला होता. जो उरला होता तो ठिकठिकाणी लहान बेटांसारखा. आतील लाकूड उघडे पडले होते. तारा ताणण्याच्या सहा खुंट्यांपैकी पाच एका कंपनीच्या होत्या आणि सहावी दुसऱ्याच कंपनीची. दांडीवरील खुणेच्या ठिपक्यांपैकी एक पांढऱ्या प्लॅस्टिकचा, इतरांशी विजोड असा होता. या वाद्याला शुल्क धरून ८ लाख ८९ हजार ४०० पौंड एवढी किंमत आली. विकत घेणाऱ्या लाइव्ह नेशन गेयटी या आयरिश कंपनीने ते स्वतःजवळ न ठेवता आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाला अर्पण केले.

ही गिटार रोरी गॅलाहर याची. तो जाऊन तेव्हा २९ वर्षे उलटली होती.

रोरीचा जन्म २ मार्च १९४८ रोजी आयर्लंडच्या वायव्य टोकाकडील डोनेगल परगण्यात, बॅलीशॅनन या गावी झाला. वडील डॅनियल तेथे अर्न नदीवरील जलविद्युत प्रकल्पात नोकरीस होते. आई मोनिका गात असे आणि हौशी रंगभूमीवर कामही करीत असे. पुढे हे कुटुंब डेरी शहरात गेले. तेथे १९४९ मध्ये धाकटा भाऊ डोनल जन्मला. हाच डोनल पुढे रोरीचा व्यवस्थापक झाला आणि त्याच्या पश्चात त्याच्या संगीताचा सांभाळ करणाराही तोच. १९५६ मध्ये मोनिका दोन्ही मुलांना घेऊन कॉर्कला आली. रोरीची खरी जडणघडण झाली ती या दक्षिणेकडील बंदराच्या शहरात.

घरात रेडिओ होता. अमेरिकी सैनिकांसाठी चालणाऱ्या केंद्रावरून आणि रेडिओ लक्झेंबर्गवरून जे संगीत कानी पडे, त्याने या अबोल मुलाला वेड लावले. लॉनी डॉनेगन या गायकाची गाणी ऐकता ऐकता तो त्या गाण्यांच्या मुळाशी, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ब्लूज संगीताशी जाऊन पोहोचला. नवव्या वर्षी त्याला पहिली साधी गिटार मिळाली. शिकवणारे कोणी नव्हते. पुस्तके पाहून, रेडिओ ऐकून तो आपला आपण शिकला. बाराव्या वर्षी एका स्पर्धेत पारितोषिक मिळाले आणि त्या पैशांतून त्याने पहिली इलेक्ट्रिक गिटार घेतली.

त्याच्या आयुष्याला वळण देणारी घटना घडली ती १९६३ च्या ऑगस्टमध्ये. कॉर्कमधील क्रॉली यांच्या वाद्यांच्या दुकानात एक वापरलेली फेंडर स्ट्रॅटोकास्टर विकायला होती. ती १९६१ साली बनलेली होती आणि तिचा क्रमांक होता ६४३५१. रॉयल शोबँड या नावाजलेल्या वाद्यवृंदातील जिम कॉनलन याने लाल रंगाची गिटार मागवली होती. आली ती कडेला काळसर आणि मध्याकडे पिवळी होत जाणारी. मनाजोगी लाल गिटार आल्यावर त्याने ही परत केली, असे सांगतात. आयर्लंडमध्ये आलेली ही पहिलीच स्ट्रॅटोकास्टर, असेही मानले जाते. किंमत होती १०० पौंड. पंधरा वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने ही रक्कम आवाक्याबाहेरची. त्याने ती हप्त्यांवर घेतली. एका वाद्यावर साथ आणि मुख्य वादन दोन्ही करता येईल, म्हणजे वाद्यवृंदातील दुसऱ्या वादकाचा खर्च वाचेल, असा हिशेब त्याने घरी मांडल्याची आठवण त्याच्या भावाने सांगितली आहे. हप्ते फेडण्यासाठी तो फोंटाना या शोबँडमध्ये वाजवू लागला. एकसारखे पोशाख घालून नृत्यगृहांत लोकप्रिय गाणी वाजवायची, असे ते काम. मनाला न पटणारे, परंतु त्यानेच त्याला रंगमंचावर उभे राहायला शिकवले.

या गिटारची घडण कशी असते, हे थोडे जाणून घेतले म्हणजे पुढील हकिगत नीट उमगते. तिचा जनक लिओ फेंडर हा मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. आपण बनवलेली वस्तू एक ना एक दिवस बिघडणार, हे गृहीत धरूनच तो ती बनवी. त्यामुळे १९५४ मध्ये बाजारात आलेल्या स्ट्रॅटोकास्टरची दांडी अंगाला सरसाने चिकटवलेली नसते. ती चार स्क्रूंनी बसवलेली असते. तारांचे कंपन टिपणारे तीन पिकअप, आवाज आणि नाद नियंत्रित करणारी बटणे, पिकअप निवडण्याचा खटका हे सारे एकाच प्लॅस्टिकच्या पट्टीवर असते. ती पट्टी उचलली की पोटातील सगळा कारभार समोर येतो. साध्या स्क्रू-ड्रायव्हरने हे वाद्य सोडवता येते आणि पुन्हा जोडताही येते.

गिटार घेतल्यानंतर काही वर्षांतच ती डब्लिनमध्ये चोरीस गेली. दूरचित्रवाणीवरील पोलिसांच्या कार्यक्रमात तिची माहिती दिली गेली. काही दिवसांनी ती रस्त्याकडेच्या एका चरात, पावसात भिजलेल्या अवस्थेत सापडली. आता हिला कधी विकणार नाही आणि हिला नवा रंगही देणार नाही, असे रोरीने तेव्हा मनाशी ठरवल्याचे त्याच्या भावाने सांगितले आहे. हा निश्चय त्याने अखेरपर्यंत पाळला.

त्या काळच्या फेंडर गिटारींवर नायट्रोसेल्युलोज जातीचे लॅकर असे. या लॅकरचा थर पातळ असतो. थंडीने त्याला बारीक तडे जातात, घामाने तो मऊ होऊन सुटू लागतो. रोरी रंगमंचावर तास-दोन तास अक्षरशः घामाने निथळत असे. पावसाने सुरू केलेले काम त्याच्या घामाने पुरे केले. दरवर्षी रंगाचा आणखी थोडा भाग गळून पडे. कोणत्याही कारागिराने आठवडाभरात तिला नव्यासारखी चकचकीत करून दिली असती. त्या काळी अनेक वादक तसे सर्रास करीत. रोरीने केले नाही.

मात्र याचा अर्थ त्याने गिटारकडे दुर्लक्ष केले असा नव्हे. तिच्या आतील भागांत त्याने केलेले फेरबदल पाहिले, तर जुन्या वाद्याची निगा राखणारा किती सजग होता ते कळते. जुन्या खुंट्या झिजून सूर टिकवेनाशा झाल्या, तेव्हा त्या बदलल्या. दांडीच्या टोकाशी ज्या पट्टीच्या खाचांतून तारा जातात, ती पट्टी अनेकदा बदलली. धातूचे पडदे तारांच्या घर्षणाने चपटे होत. ते काढून नवे बसवावे लागत. दर्शनी पट्टी १९७० पूर्वीच बदलली गेली. पिकअपमध्ये चुंबकाभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. घामाची ओल आत शिरली की ही तार गंजून तुटते आणि पिकअप मुका होतो. रोरीच्या गिटारचे पिकअपही वेळोवेळी बदलावे आणि दुरुस्त करावे लागले.

सर्वांत विचारपूर्वक केलेला बदल होता जोडणीचा. कारखान्यातून येणाऱ्या स्ट्रॅटोकास्टरवर आवाजाचे एक आणि नादाची दोन बटणे असतात. पण नादाच्या त्या दोन बटणांचा घोडीजवळच्या पिकअपवर काहीच परिणाम होत नसे. हा पिकअप तर सर्वांत कर्कश. रोरीने खालच्या बटणाची आतील जोडणी तोडली आणि मधले बटण तिन्ही पिकअपना लागू केले. आता तीक्ष्ण आवाज हवा तेव्हा गोलसर करता येऊ लागला. पुढे त्याने तीन टप्प्यांच्या मूळ खटक्याऐवजी पाच टप्प्यांचा खटका बसवला, म्हणजे दोन पिकअप एकत्र वाजवून मिळणारे मधले नाद सहज हाती आले. घामाची ओल पिऊन दांडी वाकली, तेव्हा ती उतरवून विसावू दिली गेली. काही काळ दुसऱ्या दांडीवर काम भागवले. मूळ दांडी सरळ झाल्यावर ती परत बसवली.

या सगळ्यांतून एक साधा नियम दिसतो. जे सुराच्या आड येईल ते बदलायचे. जे केवळ डोळ्यांना खुपते ते राहू द्यायचे. जुन्या वस्तूंचे जतन करणाऱ्यांपुढे हा प्रश्न सदैव उभा असतो. काहीच बदलले नाही तर वस्तू शोभेची होते. सगळेच बदलले तर ती आपली राहत नाही. रोरीने ही सीमारेषा कोठे आखावी ते आपल्या कानावर सोपवले.

या गिटारने त्याला दूरवर नेले. १९६६ मध्ये त्याने टेस्ट हा तीन जणांचा बँड स्थापन केला. नोव्हेंबर १९६८ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधील क्रीम या विख्यात बँडच्या निरोपाच्या कार्यक्रमात आणि १९७० मध्ये आइल ऑफ वाइटच्या महोत्सवात टेस्टने वाजवले. त्याच वर्षाअखेर तो बँड फुटला. १९७१ पासून रोरी स्वतःच्या नावाने वाजवू लागला आणि मेलडी मेकर या ब्रिटिश साप्ताहिकाच्या वाचकांनी त्याला त्या वर्षीचा सर्वोत्तम गिटारवादक ठरवले. ज्यांच्या ध्वनिमुद्रिका ऐकत तो वाढला, त्या मडी वॉटर्सबरोबर लंडनमध्ये ध्वनिमुद्रण करण्याचे भाग्यही त्याला लाभले. पुढे क्वीन बँडमुळे जगप्रसिद्ध झालेला ब्रायन मे हा तरुणपणी त्याचा कार्यक्रम संपल्यावर थांबून राहिला आणि असा आवाज कशातून काढता, असे त्याने विचारले. रोरीने आपला अँप्लिफायर आणि त्याला जोडलेली छोटी पेटी मोकळेपणाने दाखवली. मे याने तशीच सामग्री मिळवली आणि त्यातून त्याला स्वतःचा आवाज सापडला, हे त्याने अनेकदा कृतज्ञतेने सांगितले आहे.

रोरीचे सर्वांत मोठे धैर्य मात्र बेलफास्टमध्ये दिसले. सत्तरच्या दशकात उत्तर आयर्लंड बॉम्बस्फोटांनी आणि हत्यांनी पोळून निघाला होता. बाहेरचे कलावंत तेथे जाण्यास धजत नसत. रोरी मात्र वर्षामागून वर्ष तेथील अल्स्टर हॉलमध्ये वाजवीत राहिला. एरवी एकमेकांच्या वस्तीत पाऊल न टाकणारी दोन्ही पंथांची तरुण मुले त्या सभागृहात शेजारी शेजारी उभी राहत. बेलफास्ट, डब्लिन आणि कॉर्क येथील या कार्यक्रमांतून साकारलेला ‘आयरिश टूर ’७४’ हा संग्रह आणि टोनी पामर यांनी केलेला चित्रपट आजही त्या दिवसांची साक्ष देतो. १९७५ च्या जानेवारीत रोलिंग स्टोन्सने त्याला रॉटरडॅमला बोलावून घेतले होते. काही रात्री तो त्यांच्याबरोबर वाजवून आला आणि मग ठरल्याप्रमाणे स्वतःच्या जपान दौऱ्यावर निघून गेला.

कीर्ती वाढली तरी राहणी बदलली नाही. चौकड्यांचा शर्ट, जीन्स आणि तीच गिटार. त्याने विवाह केला नाही. वर्षातील बहुतेक दिवस प्रवासात जात. त्यातच विमानप्रवासाची भीती मनात बसली. तिच्यावर औषधे सुरू झाली, जोडीला मद्य होतेच. ऐंशीच्या दशकात प्रकृती ढासळत गेली. १९८७ आणि १९९० मध्ये त्याने आणखी दोन संग्रह काढले, दौरेही चालू ठेवले. गिटारचा एखादा पडदा झिजला तर त्याच्या कानाला ते तत्काळ कळे. स्वतःचे शरीर देत असलेल्या इशाऱ्यांकडे मात्र त्याने त्या सजगतेने पाहिले नाही. जानेवारी १९९५ मध्ये नेदरलँड्समध्ये तो अखेरचा रंगमंचावर आला. त्यानंतर लंडनमध्ये त्याच्यावर यकृतरोपणाची शस्त्रक्रिया झाली. ती यशस्वी झाली, अशी आशा निर्माण झाली होती. परंतु जंतुसंसर्ग झाला आणि १४ जून १९९५ रोजी त्याचे निधन झाले. वय होते अवघे ४७. कॉर्कजवळ बॅलिनकॉलिग येथे त्याला चिरविश्रांती देण्यात आली.

१९९७ मध्ये फेंडर कंपनीने या गिटारच्या प्रतिकृती बाजारात आणल्या. नव्या गिटारवरचा रंग कारागिरांनी हाताने खरवडून, झिजवून तिला जुनी केले. कारखान्यात जन्मलेल्या वाद्याला रोरीच्या वाद्यासारखे दिसण्यासाठी असा खटाटोप करावा लागला. मूळ गिटारला ते रूप पाऊस, घाम आणि ३० हून अधिक वर्षांचे वादन यांनी दिले होते.

बदललेल्या खुंट्या, बदललेली जोडणी आणि तो विजोड ठिपका घेऊन ही गिटार आज राष्ट्राच्या ठेव्यात आहे. तिच्यातील मूळचे भाग किती आणि नंतरचे किती, याची मोजदाद जाणकार करीत राहतील. मात्र कॉर्कमधल्या पंधरा वर्षांच्या मुलाने हप्त्यांवर घेतलेली गिटार ती हीच, याबद्दल कोणाच्याही मनात शंका येत नाही. तिला नवा रंग दिला असता, तर कदाचित ती आली असती.