प्रेमचंद रायचंद आणि वायद्याचे शास्त्र

बीडसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी राहून वायदे आणि विकल्प ह्या विषयाचा पदव्युत्तर अभ्यास करणे आता शक्य झाले आहे. ऑनलाइन अभ्यासक्रमामुळे मुंबई-पुण्यास खोली घेऊन राहण्याचा खर्च वाचतो. कापूस पिकविणाऱ्या घरातील विद्यार्थीही ब्लॅक आणि शोल्स यांनी १९७३ मध्ये मांडलेले विकल्पाच्या किमतीचे सूत्र घरी बसून शिकू शकतो. ही गोष्ट स्वागतार्हच होय. तथापि त्या सूत्राच्या आधी विद्यार्थ्यांनी एका माणसाचे चरित्र वाचावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. तो माणूस म्हणजे प्रेमचंद रायचंद.

प्रेमचंदांचा जन्म १८३१ मध्ये सुरतेच्या एका जैन व्यापारी कुटुंबात झाला. वडिलांबरोबर ते मुंबईस आले, इंग्रजी शिकले आणि तरुणपणीच दलालीच्या धंद्यात शिरले. इंग्रजी लिहिता-वाचता येणारा देशी दलाल त्या काळी दुर्मिळ होता. साहजिकच युरोपियन बँका आणि देशी व्यापारी यांच्यातील दुवा ते बनले. पुढे १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदुस्थानच्या कापसावाचून गत्यंतर उरले नाही. कापसाचे भाव कडाडले आणि मुंबईत पैशाचा पूर लोटला.

हा पैसा गिरण्या व रेल्वे यांपेक्षा अधिक वेगाने शेअरांकडे धावला. नव्या बँका, नव्या वित्तसंस्था आणि समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या. त्यांपैकी बॅकबे कंपनीचा गाजावाजा सर्वांत मोठा होता. ह्या शेअरांचे मुदतीचे सौदे होऊ लागले. अमुक तारखेस अमुक भावाने शेअर घेईन किंवा देईन, एवढाच तो करार असे. पूर्ण किंमत आज मोजावी लागत नसे. कराराचे मोल शेअरच्या भावावरून निघे, आणि आज आपण ज्यांना डेरिव्हेटिव्ह म्हणतो त्यांचे मर्म हेच आहे. त्यातच १८६३ च्या कायद्याने बँक ऑफ बॉम्बेला शेअरांच्या तारणावर कर्ज देण्याची मुभा मिळाली. त्या बँकेत प्रेमचंदांच्या शब्दाला विलक्षण वजन होते. त्यांच्या शिफारशीवर कर्ज मिळे, कर्जाच्या बळावर शेअरांचा भाव चढे, आणि चढलेल्या भावाच्या तारणावर पुन्हा कर्ज मिळे. तारण आणि कर्ज एकमेकांच्याच आधाराने उभे होते, हे त्या गर्दीत कोणाच्या ध्यानी आले नाही.

१८६५ च्या वसंत ऋतूत अमेरिकेतील युद्ध संपले आणि कापूस कोसळला. शेकडो सौद्यांची मुदत १ जुलै १८६५ रोजी भरत होती. त्या दिवशी घेणाराही पैसे देऊ शकला नाही आणि देणाराही सौदा पुरा करू शकला नाही. बँक ऑफ बॉम्बेचा शेअर २,८५० रुपयांपर्यंत चढला होता. तो ८७ रुपयांवर आला. ती बँक १८६८ मध्ये गुंडाळावी लागली. प्रेमचंदांवरही दिवाळखोरीची पाळी आली.

ह्या पडझडीची झळ केवळ मुंबईपुरती राहिली नाही. १८७५ मध्ये पुणे आणि तेव्हाचा अहमदनगर, म्हणजे आपल्या शेजारचा जिल्हा, येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. तेजीत सैल हाताने दिलेले कर्ज मंदीत आवळले गेले, हे त्या उद्रेकाच्या कारणांपैकी एक मानले जाते. ज्याने मुदतीचा सौदा कधी पाहिलाही नव्हता, त्यालाही त्याची किंमत अशा रीतीने मोजावी लागली.

प्रेमचंदांच्या संपत्तीतील एक भाग मात्र बुडाला नाही. १८६४ मध्ये, वैभवाच्या शिखरावर असताना, त्यांनी मुंबई विद्यापीठास ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले होते. आईचे नाव धारण करणारा राजाबाई मनोरा १८७८ मध्ये पुरा झाला, तेव्हा देणाऱ्याचे वैभव कधीच ओसरले होते. कलकत्ता विद्यापीठास दिलेल्या दोन लाखांतून १८६६ मध्ये त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती सुरू झाली. आशुतोष मुखर्जी आणि जदुनाथ सरकार हे तिचे मानकरी. प्रेमचंद स्वतः पुन्हा धंद्यात उभे राहिले; १८७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या शेअर दलाल संघाच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. १९०६ मध्ये ते निवर्तले.

आज सौद्यासाठी आगाऊ अनामत घेतली जाते, रोजच्या रोज हिशेब चुकता होतो आणि मध्ये समाशोधन संस्था असते. त्यामुळे १ जुलैची पुनरावृत्ती अवघड झाली आहे. परंतु नुकसान थांबलेले नाही. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आधीच्या तीन आर्थिक वर्षांत शेअरांच्या वायदे-विकल्पांत उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या आणि त्यांचा एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. हे शास्त्र शिकलेला विद्यार्थी जर केवळ ह्या संख्येत भर घालणार असेल, तर त्याचे शिक्षण वाया गेले असेच म्हणावे लागेल.

वायद्याचा मूळ हेतू भावाची जोखीम पेलू शकणाऱ्याकडे सोपविणे हा आहे. गेवराई-माजलगावच्या कापूस उत्पादकास ह्या संरक्षणाची खरी गरज आहे. पण कराराचे किमान परिमाण एकट्या लहान शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचे असते. शेतकऱ्यांचे गट करून, त्यांच्या वतीने हिशेब मांडून, हे साधन त्यांच्यापर्यंत पोहोचविणारी माणसे ह्या जिल्ह्यातच तयार झाली पाहिजेत. म्हणून प्रत्येक कराराविषयी विद्यार्थ्याने दोन प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी: जोखीम कोणाकडून कोणाकडे गेली, आणि ती घेणाऱ्याच्या अंगी ती पेलण्याचे बळ आहे काय? १८६५ च्या मुंबईत हे दोन प्रश्न वेळेवर विचारले गेले नाहीत. आपल्या विद्यार्थ्यांना ते परीक्षेत विचारले जावेत, एवढीच अपेक्षा.