विश्लेषण : पुणे परिसरातील सापसुरळीचे बारसे लंडनमध्ये कसे झाले?

देहूरोडच्या आसपास पावसाळ्यात कुंडी हलवली किंवा दगड उचलला, की कधी कधी चकचकीत अंगाची सापसुरळी सळसळत निघते. साप समजून ती अनेकदा मारली जाते. पुणे जिल्ह्यात आढळणाऱ्या अशाच एका बारीक, रेषांच्या सापसुरळीला १८३९ मध्ये शास्त्रीय नाव दिले ते भारतात कधीही न आलेल्या जॉन एडवर्ड ग्रे यांनी.

कोण होते ग्रे?
जन्म १२ फेब्रुवारी १८००, इंग्लंडमधील वॉलसॉल. वैद्यकीचे शिक्षण घेतले, पण ओढ निसर्गाकडे. १८२२ मध्ये लिनियन सोसायटीने त्यांना सदस्यत्व नाकारले. दोन वर्षांनी ते ब्रिटिश म्युझियममध्ये सरपटणाऱ्या प्राण्यांची यादी करायला लागले आणि १८४० मध्ये प्राणिविभागाचे प्रमुख झाले. ईस्ट इंडिया कंपनीतील अधिकारी थॉमस हार्डविक यांनी जमवलेल्या चित्रांवरून त्यांनी भारतीय प्राण्यांचा सचित्र ग्रंथ काढला. चित्रकलेत निपुण असलेल्या पत्नी मारिया यांची त्यांना कामात मोठी साथ होती.

१८३९ मध्ये काय घडले?
त्या वर्षीच्या सरड्यांच्या यादीत ग्रे यांनी दोन लांबच्या बहिणींना नावे दिली. एक आपल्याकडची, आज 'रिओपा लिनिआटा' म्हणून ओळखली जाणारी. दुसरी 'नेसिया बर्टोनी'. ही फक्त श्रीलंकेत, जंगलातल्या ओलसर पालापाचोळ्याखाली राहते. मातीत शिरून राहण्याच्या सवयीमुळे तिचे पाय अगदी आखूड झाले असून प्रत्येकाला तीनच बोटे आहेत.

मर्यादा कोणती?
ग्रे यांच्यासमोर होते बरणीतले मृत नमुने. प्राणी कसा जगतो, हे त्यावरून कळत नव्हते. त्यांनी भराभर दिलेली अनेक नावे पुढे बदलावी लागली. तरीही अर्धांगाचा झटका आल्यावरही ते काम करत राहिले. ७ मार्च १८७५ रोजी त्यांचे निधन झाले.

आज त्याचे काय?
नाव मिळाले, तरी जीव वाचतोच असे नाही. सापसुरळी बिनविषारी आहे आणि कीटक खाते. तिला पाय असतात. पण ते इतके छोटे, की घाबरलेल्या माणसाला दिसत नाहीत. म्हणून काठी उचलण्याआधी पाय आहेत का, ते लांबूनच पाहा. तरीही साप वाटला, तर मारू नका, सर्पमित्राला बोलवा. आणि सापसुरळीच असेल, तर दगड हळूच होता तसा ठेवा.