गाडीने मोडावे, माणसाने नाही

जुन्या मोटारींच्या फेरीत गोल पाठीची फोक्सवॅगन ‘बीटल’ दिसली की पाहणारे हमखास थबकतात. या गाडीशी नाव जोडले जाते ते फर्डिनांड पोर्शे यांचे. पण जवळपास तशाच गाडीचा आराखडा व्हिएन्नातील एका विद्यार्थ्याने १९२५च्या सुमारास कागदावर उतरवला होता. त्याचे नाव बेला बारेनी. अपघातात माणूस कसा वाचेल, या प्रश्नाच्या उत्तरासाठी जग त्यांना आज ओळखते.

बारेनी यांचा जन्म १ मार्च १९०७ रोजी ऑस्ट्रियातील हिर्टेनबर्ग येथे झाला. घर सधन होते, पण पहिल्या महायुद्धात वडील गेले आणि पुढे सुबत्ताही ओसरली. व्हिएन्नात यंत्र अभियांत्रिकी शिकत असताना त्यांनी सामान्यांना परवडेल अशा मोटारीची कल्पना मांडली. इंजिन मागे, चार सिलिंडर दोन-दोन असे समोरासमोर आडवे, मधोमध कण्यासारखी नळी, आणि इंजिन गार करायला पाण्याऐवजी हवा. जुन्या स्कूटरच्या इंजिनावर जशा धातूच्या पातळ पट्ट्या असतात आणि पंखा त्यांवर हवा फेकतो, तेच हे तत्त्व. पाणी नाही, म्हणून थंडीत ते गोठण्याची भीती नाही आणि रेडिएटर गळण्याचाही प्रश्न नाही. या आराखड्याचे हक्क त्यांना वेळेत सुरक्षित करता आले नाहीत. बीटलमागच्या कल्पनेचे श्रेय त्यांचेही आहे, हे जर्मन न्यायालयाने मान्य केले ते थेट १९५०च्या दशकात.

१९३९ साली ते डाइमलर-बेन्झ कंपनीत दाखल झाले. त्या काळी मजबूत गाडी म्हणजे सुरक्षित गाडी, अशी पक्की समजूत होती. पत्रा जाड आणि सांगाडा ताठ असला की झाले. अपघातानंतर अशा गाडीला फारसे काही झालेले नसे, आतला माणूस मात्र दगावलेला असे. बारेनी यांनी ही समजूतच उलटी केली. गाडीचा पुढचा आणि मागचा भाग मुद्दाम चेपणारा ठेवायचा आणि माणसे बसतात तो मधला भाग पेटीसारखा भक्कम करायचा. या रचनेचे पेटंट त्यांनी १९५१ साली मागितले आणि १९५२ साली ते मिळाले. १९५९च्या मर्सिडीज गाडीत ती प्रथम पूर्णपणे उतरली.

यामागचे विज्ञान साधे आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी भिंतीवर आदळली की सांगाड्याबरोबर आतले शरीरही थांबते, पण शरीरातील अवयव क्षणभर पुढे जात राहतात. मेंदू कवटीवर आपटतो. हृदयातून निघणारी महाधमनी ताणली जाऊन फाटू शकते, यकृत चिरू शकते. हे थांबणे ५ सेंटिमीटरऐवजी ५० सेंटिमीटरमध्ये घडले, तर शरीरावरचे सरासरी बल दहाव्या हिश्श्यावर येते. चेपणारा पत्रा हेच वाढीव अंतर मिळवून देतो. अट एकच, माणूस आसनाला पट्ट्याने बांधलेला हवा. व्होल्व्होचे नील्स बोलिन यांचा तीन बिंदूंचा पट्टाही १९५९ सालीच गाडीत आला, हा सुखद योगायोग.

चालक चुकणारच, हे बारेनी यांनी गृहीत धरले. त्या चुकीची शिक्षा मृत्यू असू नये, हा त्यांचा आग्रह होता. धडकेत चालकाच्या छातीत घुसणारा स्टिअरिंगचा दांडा दुमडला जावा, यासाठीही त्यांनी रचना केल्या. १९७२ साली निवृत्त होईपर्यंत आणि नंतर मिळून त्यांच्या नावावर अडीच हजारांहून अधिक पेटंट जमा झाली. ३० मे १९९७ रोजी जर्मनीतील ब्योब्लिंगेन येथे त्यांचे निधन झाले.

बीटलचे उत्पादन मेक्सिकोत २००३ साली थांबले, तोवर २ कोटी १५ लाखांहून अधिक गाड्या बनल्या होत्या. म्हणूनच तिचे सुटे भाग आजही मिळतात आणि जगभर हौशी मंडळी तिला पुन्हा रस्त्यावर आणतात. पण सगळे काही मूळचेच हवे, हा हट्ट जीवघेणा ठरू शकतो. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंतच्या बीटलमध्ये स्टिअरिंगचा दांडा ताठ होता. पुढे इंजिन नाही, तिथे पेट्रोलची टाकी आहे. थंडीत आत येणारी ऊब धुराच्या गरम नळ्यांभोवतीच्या हवेची असते. त्या नळ्यांना गंजून भोके पडली, तर कार्बन मोनॉक्साइड थेट बसणाऱ्यांपर्यंत पोहोचतो. त्याला ना रंग ना वास, डोके दुखू लागते आणि झापड येते, एवढीच काय ती सूचना.

त्यामुळे जुनी गाडी उभी करताना आधी काय शोधायचे, याचा क्रम ठरलेला असावा. पेट्रोलच्या रबरी नळ्या, ब्रेकचे भाग आणि आसनपट्टे नवेच घ्यावेत. भंगारातून आणलेला पट्टा आधी एखाद्या धडकेत ताणला गेला आहे की नाही, हे कळायला मार्ग नसतो. उष्णता देणाऱ्या पेट्या गंजलेल्या असतील तर ठिगळ न लावता बदलाव्यात. सांगाड्याचा कुजलेला पत्रा मूळ जाडीच्याच पत्र्याने भरावा. मजबुतीच्या नावाखाली पुढच्या भागाला जाड पट्ट्या जोडल्या, तर धडकेचा मार गाडीऐवजी माणसाला बसतो. रंग, आरसे आणि क्रोमच्या पट्ट्या यांचा शोध त्यानंतर सावकाश घेता येतो.