कै. रमाबाई रानडे आणि परिचारिकांचें शिक्षण

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत पसरलेल्या कारखान्यांच्या प्रदेशांत राहणाऱ्या आम्हां मंडळींस रुग्णालयाचें दर्शन नवें नाहीं. यंत्रांत सांपडून कोणा कामगाराचा हात दुखावला, म्हणजे त्याच्या उशाशीं रात्रभर जागणारी परिचारिका आम्हीं पाहिली आहे. परंतु तिच्या शेजारीं उभी राहून, पट्टी कशी बांधावी व घाबरलेल्या आप्तांशीं कसें बोलावें, हें तिला शिकविणारी अनुभवी परिचारिका आमच्या ध्यानांत क्वचितच येते. पुढें गेलेल्या स्त्रीनें मागून येणारीस हातीं धरून न्यावें, हा या व्यवसायाचा मोठा गुण होय. स्वतः परिचारिका नसतांहि हा गुण ज्यांनीं जवळच पुणें शहरांत आचरून दाखविला, त्या रमाबाई रानडे यांचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

रमाबाईंचा जन्म १८६२ सालीं सांगली जिल्ह्यांतील देवराष्ट्रें गांवीं कुर्लेकर घराण्यांत झाला. १८७३ सालीं, वयाच्या अकराव्या वर्षीं, पुढें न्यायमूर्ति म्हणून विख्यात झालेले महादेव गोविंद रानडे यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. त्या वेळीं त्यांस अक्षरओळखहि नव्हती. पतीनें स्वतः त्यांस लिहावयास व वाचावयास शिकविलें. पुढें इंग्रजीचाहि अभ्यास झाला. घरांतील वडील बायकांस हें रुचलें नाहीं व रमाबाईंस पुष्कळ टोमणे सोसावे लागले. नाशिक येथें त्यांच्यावर जाहीर भाषणाचा पहिला प्रसंग आला, तेव्हां तें भाषण पतीनें लिहून दिलें होतें. पुढें मात्र मराठी व इंग्रजी या दोन्ही भाषांत त्या स्वतःच्या शब्दांनीं बोलूं लागल्या. आरंभीं आधार द्यावा आणि बळ येतांच तो काढून घ्यावा, ही शिकविण्याची रीत त्यांनीं अशा प्रकारें स्वतःच अनुभविली होती.

१९०१ सालीं पतीच्या निधनानें त्यांच्यावर आकाश कोसळलें. सुमारें एक वर्ष त्यांनीं एकांतांत काढलें. त्यानंतर त्या तुरुंगांतील स्त्रियांस भेटूं लागल्या. रुग्णालयांत जाऊन रोग्यांस फळें, फुलें व पुस्तकें देऊं लागल्या. १९०८ सालीं बेहरामजी मलबारी व दयाराम गिडुमल यांनीं मुंबईस सेवासदन काढलें, त्याचें अध्यक्षपद रमाबाईंकडे आलें. १९०९ सालीं गोपाळ कृष्ण देवधर यांच्या सहकार्यानें पुण्याचें सेवासदन सुरू झालें.

या संस्थेचें सर्वांत अवघड काम म्हणजे परिचारिकांचें शिक्षण. परक्या रोग्यास स्पर्श करणें, जातिभेद न पाळतां त्याचें मलमूत्र काढणें व रात्रीं घराबाहेर राहणें, हें उच्चवर्णीय घरांत तेव्हां लांच्छन मानीत. विधवा मुलीनें तें पत्करिलें, तर निंदेस पारावार नसे. अशा मुली सेवासदनांत येऊन ससून रुग्णालयांत शिकूं लागल्या व त्यांच्या निवासासाठीं वसतिगृह निघालें. शुश्रूषेचे धडे रुग्णालयांत मिळत. परंतु लोकनिंदेनें मन खचूं न देणें तेथें कोण शिकविणार? रमाबाईंनीं आपल्या नांवाची प्रतिष्ठा या मुलींच्या पाठीशीं उभी केली. शिकणाऱ्या स्त्रीस काय सोसावें लागतें, हें त्या स्वानुभवानें जाणत होत्या. म्हणूनच त्यांच्या शब्दास मुलींपाशीं वजन होतें, असें आम्हांस वाटतें.

१९१० सालीं त्यांचें आत्मचरित्र प्रसिद्ध झालें. १९२४ सालीं त्या निवर्तल्या. १९६२ सालीं, जन्मशताब्दीच्या वर्षीं, भारत सरकारनें त्यांच्या स्मरणार्थ टपालतिकीट काढलें.

लंडन येथें फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीं १८६० सालीं परिचारिकांची शाळा काढली, तेव्हांपासून या विद्येचा पुष्कळ विस्तार झाला आहे. आज आपल्या देशांतहि परिचारिकांस पदव्युत्तर शिक्षण मिळतें व अत्यवस्थ रोग्यांचा मोठा भार त्या वाहतात. परंतु पहिला रोगी डोळ्यांदेखत दगावल्यावर नवशिक्या मुलीनें दुसऱ्या दिवशीं पुन्हां कामावर कसें यावें, हें पुस्तकांतून कळत नाहीं. तें जवळ बसून कोणी सांगावें लागतें. आमच्या कारखान्यांतील जुने कारागीर शिकाऊ उमेदवारास असेंच तयार करितात. आमच्या वाचक-भगिनींपैकीं ज्या पुढें परिचारिका होतील, त्यांनीं स्वतः शिकून थांबूं नये. मागून येणारीसाठीं क्षणभर वळून पाहावें, एवढीच आमची विनंति आहे.