पगारपत्रकातली एक ओळ

जालन्यात एका बँकेच्या शाखेत मी अधिकारी होतो, तेव्हाची ही गोष्ट. 1990 नंतरची. लोखंडाच्या कारखान्यातला एक कामगार कर्जाच्या अर्जासोबत तीन महिन्यांची पगारपत्रके घेऊन आला होता. त्यातल्या एका महिन्यात त्याने रात्रपाळीनंतर थांबून भरपूर ओव्हरटाइम केला होता. जादा तासांना दुप्पट दर, म्हणून पगार चांगला आला होता. पण कपातही वाढली होती. भविष्यनिर्वाह निधी ओव्हरटाइमवर कापत नसत, पण कामगार विम्याची वर्गणी कापत. शिवाय पगार वरच्या टप्प्यात गेला म्हणून व्यवसाय करही वाढला होता. घाम मी गाळला, मग हे पैसे कुणाच्या घरात जातात, असे त्याने विचारले. सरकारी कर आहे, कापावाच लागतो, एवढेच मी सांगितले. तो मान हलवून निघून गेला.

खरे तर हे उत्तर मला ठाऊक असायला हवे होते. कारण ते माझ्याच घरात होते.

त्या उत्तरामागे वि. स. पागे यांचे नाव आहे. विठ्ठल सखाराम पागे यांचा जन्म 1910 चा. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातले विसापूर हे त्यांचे गाव. पेशाने वकील, विचाराने गांधींच्या वाटेवरचे. स्वातंत्र्याच्या लढ्यात तुरुंगवासही भोगलेला. 1960 साली महाराष्ट्र राज्य झाले, त्या वर्षी ते विधान परिषदेचे सभापती झाले आणि 1978 पर्यंत त्या खुर्चीवर राहिले. सभापतीने सभागृह चालवावे, धोरणे सरकारने आखावीत, असा संकेत. पण पागेसाहेबांच्या मनातून विसापूरचे शिवार कधी गेले नाही. पाऊस हुकला की तिथला धडधाकट माणूस हातावर हात ठेवून बसतो, हे त्यांनी पाहिले होते.

1965 साली त्यांनी मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्याकडे कल्पना मांडली, की जो काम मागेल त्याला काम द्यावे, आणि त्या कामातून बांधबंदिस्ती, विहिरी, तलाव असे काही टिकाऊ उभे राहावे. 1969 मध्ये तासगाव तालुक्यात प्रयोग झाला. 1972 मध्ये योजना राज्यभर न्यायचे ठरले आणि नेमका तेव्हाच दुष्काळ कोसळला. योजना बाजूला राहिली, सरकारने सरसकट दुष्काळी कामे काढली. मे 1973 मध्ये त्या कामांवर जवळपास 50 लाख माणसे होती.

त्यांत माझी आई होती. आमचे गाव भोकरदन तालुक्यातले. तेव्हा जालना जिल्हा झालेला नव्हता, आम्ही औरंगाबाद जिल्ह्यात होतो. मी अकरा वर्षांचा. आई खडी फोडायला जायची आणि धाकटी बहीण माझ्या कडेवर असायची. हप्ता झाला की घरात मिलो यायची. त्या लाल ज्वारीची भाकर घशाखाली उतरत नसे, पण चूल पेटत असे.

दुष्काळ सरला की अशी कामे बंद होतात, सरकारे विसरतात. पागेसाहेबांना हे ठाऊक होते. दया आटते, म्हणून हक्क हवा. आणि हक्काला पैशाचा कायमचा झरा हवा. तो झरा 1975 च्या व्यवसाय कराच्या कायद्यात सापडला. ज्याचा पगार पाऊस पडो न पडो महिन्याच्या महिन्याला येतो, त्याने थोडे द्यावे. कराचा पैसा रोजगार हमीच्या निधीत जावा आणि सरकारने आपल्याकडून तेवढीच भर घालावी, अशी ती रचना. 1977 साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. पंधरा दिवसांत काम, नाही तर बेकारी भत्ता. पुढे 2005 साली देशाने केलेल्या कायद्याला हाच नमुना होता. पागेसाहेब ते पाहायला नव्हते; 1990 मध्ये ते गेले.

हे सगळे सरळ झाले, असे मी म्हणणार नाही. खोटे हजेरीपट मीही पाहिले आहेत. गोळा झालेला पैसा पुरता खर्चही होत नसे, निधीत शिल्लक वाढत गेली आणि इकडे लोक ऊसतोडीला जात राहिले. करातही एक अन्याय आहे. राज्यघटनेने या कराला वर्षाला 250 रुपयांची मर्यादा घातली होती, ती 1988 मध्ये 2500 झाली. त्यामुळे आज महिना दहा हजारांच्या वर कमावणारा पुरुष कामगार आणि लाखोंचा पगार घेणारा व्यवस्थापक वर्षाला सारखेच 2500 रुपये भरतात. त्या कामगाराची तक्रार खोटी नव्हती.

तरीही आज तो भेटला तर मी त्याला खुर्ची देईन आणि नीट सांगेन. तुझ्या ओव्हरटाइममधून गेलेला तो पैसा तुझ्याच भावकीतल्या एखाद्या बाईच्या हजेरीसाठी राखलेला होता. तो तिथे पोहोचला की नाही, हे विचारायचा हक्क तुला होता. तू विचारलेसही. उत्तर द्यायचे ते माझ्यासारख्यांनी दिले नाही.

कापलेला पैसा जड होतो तो आकड्यामुळे नव्हे, तो कुठे गेला हे कुणी सांगत नाही म्हणून. पागेसाहेबांनी कापण्यालाही एक पत्ता दिला होता. पगारपत्रकावर ती ओळ नुसती दोन अक्षरांत, पी. टी., अशी छापतात. मीही सदतीस वर्षे ती तशीच वाचली आणि सही करत राहिलो.