लघुग्रहांचे चंद्र आणि नॉर्मन पॉगसन



सूर्यमालेचा पाठ शिकवताना आपण मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये खडूने ठिपके काढतो, खाली लघुग्रह असं लिहितो आणि पुढं जातो. कळंबला माझ्या वर्गात एका मुलीने विचारलं, की या ठिपक्यांना पण चंद्र असतो का? मी नाही म्हणून मोकळी झाले. घरी येऊन वाचलं, तर माझं उत्तर चुकलं होतं. काही लघुग्रहांना चंद्र आहेत. त्यातले दोन लघुग्रह तर आपल्या देशातून, मद्रासहून सापडलेले आहेत. ते शोधणाऱ्या नॉर्मन रॉबर्ट पॉगसन यांची आज ओळख करून घेऊया.

पॉगसन यांचा जन्म 1829 साली इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे झाला. वडिलांचा व्यापार होता, पण मुलाचं मन गणितात आणि आकाशात. वयाच्या अठराव्या वर्षीच त्यांनी दोन धूमकेतूंच्या कक्षा गणिताने काढल्या होत्या. पुढे ऑक्सफर्डच्या वेधशाळेत काम करताना त्यांनी तीन लघुग्रह शोधले. ताऱ्यांच्या तेजस्वितेची प्रत आज आपण ज्या मापाने मोजतो, ते मापही त्यांनी 1856 मध्ये सुचवलं. पहिल्या प्रतीचा तारा सहाव्या प्रतीच्या ताऱ्यापेक्षा शंभर पट तेजस्वी, म्हणजे दर पायरीला सुमारे 2.512 पट फरक.

1861 मध्ये ते मद्रास वेधशाळेत आले आणि शेवटपर्यंत इथंच राहिले. त्याच वर्षी सापडलेल्या लघुग्रहाला त्यांनी एशिया हे नाव दिलं, कारण आशिया खंडातून सापडलेला तो पहिलाच लघुग्रह होता.

आता लघुग्रह शोधायचा कसा, ते मुलांना जरूर सांगा. दुर्बिणीतून तो ताऱ्यासारखाच दिसतो. फरक एकच, तो जागा बदलतो. त्यामुळे आकाशाच्या एका तुकड्यातले तारे नकाशावर नोंदवायचे, पुन्हा पुन्हा जुळवून बघायचे आणि सरकलेला ठिपका ओळखायचा. फोटोची सोय नव्हती, सगळं काम डोळ्याचं आणि हाताचं. अशा चिकाटीतून 1866 मध्ये सिल्व्हिया आणि 1868 मध्ये कॅमिला हे लघुग्रह सापडले. त्यांचे सहकारी चिंतामणी रघुनाथाचारी यांनी तिथूनच 1867 मध्ये एक रूपविकारी तारा शोधला. पॉगसन यांची मुलगी आयसिस हिनेही वेधशाळेत वर्षानुवर्षे काम केलं.

1891 मध्ये मद्रासलाच पॉगसन यांचं निधन झालं. आपल्या ठिपक्यांना चंद्र आहेत, हे त्यांना कधीच कळलं नाही.

लघुग्रहाचा चंद्र पहिल्यांदा दिसला तो गॅलिलिओ यानाने 1993 मध्ये काढलेल्या इडा या लघुग्रहाच्या छायाचित्रांत. त्याचं नाव डॅक्टिल, आकार जेमतेम दीड किलोमीटर. मग 2001 मध्ये सिल्व्हियाभोवती रोम्युलस सापडला आणि 2005 मध्ये रेमस जाहीर झाला. दोन चंद्र असलेला माहीत झालेला हा पहिला लघुग्रह. कॅमिलाचा एक चंद्र 2001 मध्ये, तर दुसरा 2016 मध्ये उजेडात आला.

या चिमुकल्या चंद्रांचा उपयोग काय? चंद्र किती अंतरावरून, किती वेळात फेरी मारतो हे कळलं की लघुग्रहाचं वस्तुमान काढता येतं. सिल्व्हियाची घनता पाण्यापेक्षा थोडीशीच जास्त निघाली. म्हणजे तो एकसंध दगड नसून आत पोकळ्या असलेला दगडमातीचा ढिगारा असावा, असं शास्त्रज्ञ मानतात. त्याचे चंद्रही जुन्या टकरीतून उडालेल्या तुकड्यांचे असावेत.

पालकहो, महिनाभर मुलांना गच्चीवर न्या. मंगळ आणि त्याच्या आजूबाजूचे तारे दर चार दिवसांनी वहीत काढायला सांगा. कोणता ठिपका सरकला, ते त्यांचं त्यांना शोधू द्या. आणि शिक्षक मित्रांनो, एखाद्या प्रश्नाला नाही म्हणण्याआधी थोडं थांबूया. मी दुसऱ्या दिवशी वर्गात गेले आणि आधी त्या मुलीला सांगितलं, की काल बाईंचं चुकलं होतं. मग फळ्यावरच्या एका ठिपक्याशेजारी तिने आणखी दोन बारीक ठिपके काढले.