आम्ल-आम्लारींची जोडी जुळवणारे ब्रॉन्स्टेड

बोईसर स्थानकावर उतरून तारापूर औद्योगिक वसाहतीच्या रस्त्याला लागले की रसायनांचे टँकर सोबतीला येतात. येथील कारखान्यांतील आम्लयुक्त सांडपाणी प्रक्रियेसाठी पुढे धाडण्यापूर्वी त्यात चुना किंवा कॉस्टिक सोडा मिसळून त्याचा सामू ७ च्या आसपास आणावा लागतो. हे काम वरवर सोपे भासते. मात्र कोणते आम्ल किती तीव्र आणि ते विझल्यावर मागे काय उरते, हे ठाऊक नसेल तर हिशेब चुकतो. हा हिशेब स्पष्ट करणारे योहानेस निकोलाउस ब्रॉन्स्टेड हे डेन्मार्कचे.

त्यांचा जन्म २२ फेब्रुवारी १८७९ रोजी वार्डे या गावी झाला. जन्मानंतर लवकरच मातृछत्र हरपले आणि चौदाव्या वर्षी स्थापत्य अभियंता असलेले वडीलही गेले. १८९९ मध्ये त्यांनी कोपनहेगन येथे रासायनिक अभियांत्रिकीची पदवी घेतली. पण मन रमले ते शुद्ध रसायनशास्त्रात. १९०८ मध्ये डॉक्टरेट मिळाली आणि त्याच वर्षी ते कोपनहेगन विद्यापीठात प्राध्यापक झाले.

त्या काळी स्वीडनच्या अऱ्हेनिअस यांची व्याख्या प्रमाण मानली जाई. पाण्यात हायड्रोजन आयन देते ते आम्ल, हायड्रॉक्साइड आयन देते ती आम्लारी. मग ज्याच्या रेणूत हायड्रॉक्साइडच नाही, तो अमोनिया आम्लारी कसा? १९२३ मध्ये ब्रॉन्स्टेड यांनी हा पेच सोडवला. प्रोटॉन देते ते आम्ल, घेते ती आम्लारी. आम्लाने प्रोटॉन दिला की जे उरते तीच त्याची संयुग्मी आम्लारी. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये लॉरी यांनीही स्वतंत्रपणे हाच विचार मांडला, म्हणून सिद्धांताला दोघांचे नाव लाभले.

आम्ल जितके तीव्र, तितकी त्याची जोडीदार आम्लारी क्षीण. पाण्यात २५ अंश सेल्सिअसला जोडीतील पीकेए आणि पीकेबी यांची बेरीज १४ भरते. अ‍ॅसेटिक आम्लाचा पीकेए ४.७६, तर अ‍ॅसिटेटचा पीकेबी ९.२४. येथे विद्यार्थी हमखास फसतात. सौम्य आम्लाची जोडीदार तीव्रच असणार, असे ते धरून चालतात. प्रत्यक्षात अ‍ॅसिटेटही सौम्यच, फक्त क्लोराइडपेक्षा पुष्कळ सरस. हायड्रोक्लोरिक आम्ल इतके तीव्र की पाण्यात त्याच्या क्लोराइडला आम्लारी म्हणून काहीच किंमत उरत नाही. म्हणूनच ते आम्ल कॉस्टिकने नेमके विझवले तर सामू ७ वर थांबतो. अ‍ॅसेटिक आम्ल विझवताना तो ७ च्या वर जातो आणि तीव्र आम्लाने अमोनिया विझवताना ७ च्या खाली उतरतो. चुना टाकणाऱ्याने हे ध्यानात ठेवलेले बरे.

पुढे उत्प्रेरण क्रियेचा वेग आम्लाच्या तीव्रतेशी कसा निगडित असतो, याचेही समीकरण ब्रॉन्स्टेड यांनी पेडरसन यांच्यासह १९२४ मध्ये मांडले. १९२६-२७ मध्ये ते अमेरिकेत येल विद्यापीठात अभ्यागत प्राध्यापक होते. रॉकफेलर निधीच्या साह्याने कोपनहेगनमध्ये त्यांच्यासाठी भौतिक रसायनशास्त्राची स्वतंत्र संस्था उभी राहिली.

१९४० मध्ये जर्मन फौजांनी डेन्मार्क व्यापला. प्रयोगशाळेत रमणाऱ्या या माणसाने नाझींना विरोध केला. युद्धानंतर, १९४७ मध्ये, मतदारांनी त्यांना डॅनिश संसदेवर निवडून दिले. परंतु आजारपणामुळे त्यांना आसन ग्रहण करता आले नाही. १७ डिसेंबर १९४७ रोजी कोपनहेगन येथे त्यांचे निधन झाले.